बीएमटी वॉर्डात मूल असताना घरच्यांचं काम

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे सतत बाहेरून रक्त चढवावं लागणारा आजार, असलेल्या मुलाशी सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा एचएलए (पेशींवरची ओळखखूण) पूर्ण जुळला, की बोन मॅरो ट्रान्सप्लान्टची (बीएमटी, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज बदलण्याची) तारीख ठरते. एकेका भावंडाचा जुळण्याची शक्यता २५ टक्केच असते, त्यामुळे जुळल्याच्या आनंदात पुढच्या चार महिन्यांची तयारी मागे पडते. ट्रान्सप्लान्टच्या दिवशी मुलावर शस्त्रक्रिया अशी होतच नाही. मॅरोची पिशवी रक्तासारखी नळीतून चढवतात. खरी कसोटी त्यानंतर सुरू होते: वॉर्डात साधारण चार ते सहा आठवडे, आणि मग हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत शंभराव्या दिवसापर्यंत.

बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बीएमटी केंद्र आहे, खाजगी केंद्रंही आहेत, आणि प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे असतात. इथलं वाचलेलं आणि तुमच्या वॉर्डाचा नियम यांत फरक दिसला, तर वॉर्डाचाच नियम पाळा. मात्र एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे. औषध ठरवणं डॉक्टरांचं काम. पण लघवी किती झाली, घोट गिळताना मूल कळवळलं का, कालपेक्षा आज गप्प आहे का, हे चोवीस तास बघणारं माणूस एकच असतं, ते म्हणजे शेजारी बसलेली आई किंवा बाबा. बघायचं, लिहायचं आणि लगेच सांगायचं, हे घरच्यांचं काम.

दाखल होण्याआधी

आत कोण राहणार ते आधी ठरवा. बहुतेक केंद्रं मुलासोबत एकालाच राहू देतात. तरीही दोन माणसं तयार ठेवा, कारण आत राहणाऱ्याला सर्दी, जुलाब किंवा ताप आला की त्याच दिवशी बाहेर पडावं लागतं. दुसऱ्या माणसाला हात धुण्यापासून वही भरण्यापर्यंत सगळं आधीच शिकवून ठेवलेलं असलं पाहिजे. फोनवरून अर्ध्या तासात हे शिकवता येत नाही.

पैशाचे अर्ज दाखल होण्याआधीच करायचे. बहुतेक योजना झालेला खर्च परत देत नाहीत, आणि मंजूर रक्कम थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाते. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना २०१७ पासून चालू आहे. तिच्यात जुळणारं भावंड असलेल्या मुलाला ठराविक हॉस्पिटलांमध्ये १० लाखांपर्यंत मदत मिळते. याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, एचएलए रिपोर्ट आणि हॉस्पिटलच्या शिक्क्याचं खर्चाचं पत्रक, या सगळ्याच्या चार-चार प्रती काढा आणि हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातल्या माणसाला भेटा. कुटुंबं अडकतात ती पॅकेजबाहेरच्या खर्चात: खोलीचं भाडं, डिस्चार्जनंतरची बुरशीविरोधी आणि सीएमव्ही या विषाणूवरची औषधं, आठवड्याला दोनदा होणाऱ्या रक्ततपासण्या. ही रक्कम वेगळी बाजूला काढलेली हवी.

मुलाच्या किडलेल्या दातांवर आधीच उपचार करून घ्या. केस बारीक कापा. पुढे दोन-तीन आठवड्यांत ते गळणारच आहेत, आणि उशीवर लांब केसांचे पुंजके बघून मुलं जास्त घाबरतात. पुढून उघडणारे, सैल सुती शर्ट शिवून घ्या किंवा विकत आणा, सात-आठ तरी. छातीवर सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेली नळी असते, त्यामुळे डोक्यातून घालायचा टी-शर्ट चालत नाही.

घरातल्या मोठ्यांशी याच वेळी बोला. वॉर्डात हार, फुलं, अंगारा, मनगटाला दोरा, तीर्थ, पंचामृत यांतलं काहीच चालत नाही. फुलांवर आणि ओल्या मातीत बुरशी असते, पंचामृतात कच्चं दूध आणि दही असतं. आत राहणाऱ्या बाईनं बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवायचं, कारण त्यांच्याखालचा हात नीट धुतला जात नाही. हे दाखल होण्याच्या दिवशी दारात सांगितलं, तर आजीला ते लागतं. आधी सांगितलं की त्याच आजी बाकीच्यांना गप्प करतात. ‘हे काहीतरी प्रयोग करतायत’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना सांगा, की भारतातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ सालीच झालं.

केमोचे दिवस

आधी मुलाचा स्वतःचा मॅरो औषधांनी रिकामा करतात. डॉक्टर याला कंडिशनिंग म्हणतात, आणि हे दिवस उणे आकड्यांनी मोजतात: वजा सात, वजा सहा, असं शून्यापर्यंत. शून्य म्हणजे ट्रान्सप्लान्टचा दिवस. मूल या काळात बरंच बरं दिसतं, खेळतं, म्हणून घरचे सैलावतात.

औषधांत थिओटेपा असेल तर एक काम तुमच्याच हातात असतं. हे औषध घामातून बाहेर पडतं आणि काखेत, जांघेत, मानेच्या वळ्यांत, चिकटपट्टीखाली साचून कातडी भाजल्यासारखी करतं. डोस चालू असताना आणि नंतर वॉर्ड सांगेल तितके तास दर सहा-आठ तासांनी साध्या कोमट पाण्यानं अंघोळ घालायची. रात्री झोपेतून उठवूनसुद्धा. टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. दर वेळी कपडे आणि चादर बदलायची. तेल, क्रीम, पावडर काही लावायचं नाही, कारण त्याखाली औषध धरून राहतं. लंगोट असेल तर जास्त वेळा बदला. केमोच्या दिवसांत आणि नंतर दोन दिवस लघवी, उलटी, लंगोट हाताळताना हातमोजे घाला. गरोदर बाईनं हे काम करू नये. अंघोळ करताना लाइनची टोकं पाण्यात जाऊ द्यायची नाहीत. झाकायचं कसं ते नर्सकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

डोनर भावंड

शून्य दिवशी सगळ्यांचं लक्ष आजारी मुलाकडे असतं. त्याच सकाळी दुसऱ्या मुलाला पूर्ण भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढलेला असतो. सहसा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. कंबर काही दिवस दुखते, थोडे दिवस लोहाचं औषध लागतं. त्याच्याजवळ त्या दिवशी स्वतःचं एक माणूस पूर्ण वेळ हवं, मामा, काकू, कोणीही. आणि त्याला कधीही ‘तू वाचवलंस’ असं म्हणू नका. पुढे जीव्हीएचडी झाली, म्हणजे नव्या मॅरोनं मुलाच्या शरीरावर हल्ला केला, किंवा मॅरो रुजला नाही, तर तेच मूल मनात म्हणतं, की माझंच रक्त वाईट निघालं.

तोंड

ट्रान्सप्लान्टनंतर साधारण पाचव्या दिवसापासून तोंड येतं. गाल, जीभ, घसा, अन्ननलिका आतून सोलवटतात. सातव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात वाईट अवस्था असते, आणि पांढऱ्या पेशी वर येऊ लागल्या की दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. हे अपेक्षित आहे. पण तोंडाच्या जखमा म्हणजे जंतूंना रक्तात शिरायला उघडी दारं, म्हणून गुळण्या ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे.

वॉर्डानं वेगळं औषध दिलं नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा. रोज नवीन करायचं, उरलेलं रात्री ओतून द्यायचं. दिवसातून चार ते सहा वेळा, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपण्यापूर्वी. गुळणी न जमणाऱ्या लहानग्याचं तोंड नर्सनं दिलेल्या स्पंजनं पुसायचं. ब्रश एकदम मऊ हवा. प्लेटलेट फार खाली गेल्या की तोही बंद करून स्पंजवर यायचं, पण ते नर्सला विचारून. ओठांना वॉर्डानं दिलेलंच मलम लावा.

मूल तोंड उघडत नाही, गुळणी म्हटलं की रडतं, तेव्हा आईला वाटतं, आजचा दिवस राहू दे. तो दिवस सोडू नका. त्याऐवजी दुखणं कमी करायला सांगा. मॉर्फिन लागलं तर लागतं. डॉक्टर मापात देतात आणि मापात बंद करतात, मुलाला त्याची सवय लागेल या भीतीनं दुखणं लपवू नका. डोस मिळून वीस-तीस मिनिटं झाली की गुळणी सोपी जाते. गिळणं थांबलं तर नाकातून नळी घालून किंवा शिरेतून अन्न देतात.

वही

चौकोनी रेघांची जाड वही आणि दोरीला बांधलेलं पेन. मोबाइलवर लिहू नका. राउंडला डॉक्टर उभ्या उभ्या बघतात, त्यांना पान दिसलं पाहिजे. एका पानाचा तुकडा असा दिसतो:

स. ७.०० – ताप ९८.६, वजन १७.४, लघवी १६०
स. ८.१५ – पेज ६० मिली, उलटीत अंदाजे २० गेली
स. ९.०० – सायक्लोस्पोरिनचं रक्त घेतलं. डोस ९.२०
दु. १२.०० – ताप ९९.४, गिळताना रडला, दुखणं १० पैकी ६
दु. १२.४० – शी पातळ, हिरवट, १२०

वाटी, पेला, चमचा यांत किती मिली मावतं ते पहिल्या दिवशी मोजून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा. लंगोट असेल तर कोरडा आणि ओला दोन्ही तोला. जितके ग्रॅम फरक, तितके मिली लघवी. ‘बरं आहे’, ‘थोडं खाल्लं’ अशा नोंदीचा डॉक्टरांना उपयोग नसतो.

वजन रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर, तितक्याच कपड्यांत. दाखल होतानाच्या वजनापेक्षा ५ टक्के वाढ म्हणजे १७ किलोच्या मुलाचं पाऊण-एक किलो. इतकं वजन भराभर वाढलं, पोट फुगलं, उजवीकडे बरगडीखाली दुखायला लागलं, तर यकृताच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होण्याचा धोका असतो, ज्याला वॉर्डात व्हीओडी म्हणतात. खात नसलेल्या मुलाचं वजन वाढलं म्हणून घरचे खूश होतात, आणि ते सांगायचं राहून जातं.

ताप

१००.४ फॅरनहाइट किंवा ३८ सेल्सिअस. हा आकडा दिसला की बेल दाबायची. दहा मिनिटांनी पुन्हा मोजू, पांघरूण काढून बघू, असलं काही नाही. पांढऱ्या पेशी शून्यावर असताना ताप ही एकच खूण असू शकते, आणि अँटिबायोटिक तासाभराच्या आत सुरू व्हावं लागतं. आपल्या मनानं पॅरासिटामॉल कधीच द्यायचं नाही. ताप झाकला जातो, जंतू तसाच राहतो. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही. ताप नसतानाही हुडहुडी भरली, विशेषतः लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे नळी आतून धुतल्यावर, तरी तेच: बेल. लाइनमध्ये जंतू बसल्याची ती खूण असते.

रक्त आणि प्लेटलेट

मॅरो रुजेपर्यंत लाल पेशी आणि प्लेटलेट बाहेरून द्याव्या लागतात. रुजला असं केव्हा म्हणतात? न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, लागोपाठ तीन दिवस ५००च्या वर राहिले की. भावंडाचा मॅरो असेल तर साधारण दोन ते चार आठवडे लागतात. रोज सकाळी आकडा विचारणं साहजिक आहे, पण २०० वरून दुसऱ्या दिवशी १५० झालं म्हणून रडू नका, सुरुवातीला तो खाली-वर होतोच.

एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट, फक्त पाच दिवस टिकतात. साठा करून ठेवता येत नाही, म्हणून दात्यांची यादी आधी करा. दहा-बारा नावं, रक्तगट, फोन नंबर, कामाची वेळ. दाता १८ ते ६० वयाचा, ५० किलोच्या वर, दोन्ही हातांच्या शिरा ठळक, प्लेटलेट दीड लाखाच्या वर, आणि तीन दिवसांत ॲस्पिरिन न घेतलेला. प्रक्रियेला तास-दीड तास लागतो. चाचणीत नापास होणारे बरेच निघतात, म्हणून एकाच्या जागी दोघांना बोलवा. ट्रान्सप्लान्टच्या आधी सख्ख्या नातेवाइकांचं रक्त मुलाला देऊ नका. आणि दिलेली प्रत्येक पिशवी इर्रॅडिएटेड, म्हणजे किरणांचा मारा केलेली असावी लागते, नाहीतर दात्याच्या पेशी मुलाच्या शरीरावर उलटतात. पिशवीवरचं लेबल नर्स बघतेच. तुम्हीही बघा, त्यात कोणाचा अपमान नाही.

जेवण

नियम एकच: ताजं, झाकलेलं, वाफाळतं. कुकरमध्ये शिजवलेलं सगळ्यात सुरक्षित. मूगडाळ खिचडी, मऊ भात, तांदळाची पेज, रव्याची खीर, उकडलेला बटाटा, पूर्ण शिजलेलं अंडं. शिजवल्यापासून तासाभरात मुलाच्या पुढ्यात आलं पाहिजे, उरलेलं पुन्हा गरम करून द्यायचं नाही.

चूक होते ती वरून घातलेल्या गोष्टींत. खिचडी दहा शिट्ट्या शिजली, आणि मग तिच्यावर चिरलेली कोथिंबीर, ओलं खोबरं, चिमूटभर मिरपूड पडली. कच्च्या पाल्यात माती असते, मसाल्यात बुरशीचे कण असतात. मसाला शिजताना घाला, वरून काही नाही. शेंगदाण्याचं कूट, कोशिंबीर, चटणी, दही, ताक, पनीर, बाहेरचा ज्यूस, मध, सगळं बंद. पाणी खळखळ उकळलेलं, झाकून ठेवलेलं, चोवीस तासांच्या आत संपवायचं. जाड सालीची फळं चालतील का ते वॉर्डाला विचारा. चालत असतील तर आधी साल धुवा, मग सोला.

गुळवेल, काढा, च्यवनप्राश, कोणतीही ‘ताकद वाढवणारी’ पुडी अजिबात नको. इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते, आणि गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. हे गावाहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागेल, तेही पुन्हा पुन्हा.

सायक्लोस्पोरिन

नव्या मॅरोनं मुलाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून हे औषध. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, घड्याळ लावून. लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, तपासायच्या दिवशी सकाळचा डोस रक्त काढल्यानंतर द्यायचा. आधी दिला तर आकडा खोटा जास्त येतो आणि डॉक्टर डोस कमी करतात; तिथून जीव्हीएचडीला वाट मिळते. ज्या नळीतून हे औषध चढवलं त्याच नळीतून लेव्हलचं रक्त काढलं तरी आकडा फसवतो. पातळ औषध काचेच्या पेल्यात द्या, प्लास्टिकला ते चिकटतं. फ्रिजमध्ये ठेवू नका. डोसनंतर उलटी झाली तर किती मिनिटांनी झाली ते लिहा आणि विचारा, परस्पर दुसरा डोस नको. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, दोन्हींनी लेव्हल वाढते. काही अँटिबायोटिकं, बुरशीची आणि क्षयाची औषधं यांनीही ती वर-खाली होते, म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरनं दिलेली गोळी बीएमटी टीमला विचारल्याशिवाय नाही.

अंगावर लव वाढणं, हात थरथरणं, हिरड्या सुजणं यांनी घाबरू नका. मात्र डोकं जोरात दुखणं, अंधुक दिसणं, असंबद्ध बोलणं यांतलं काही झालं तर रात्री तीन वाजताही उठवून सांगा. बीपी वाढून झटके येऊ शकतात.

जीव्हीएचडीच्या खुणा तीन जागी बघायच्या: कातडी, पोट, यकृत. तळहात-तळपाय किंवा कानामागे लाल पुरळ, पाणचट जुलाब, डोळे पिवळे. अंघोळीच्या वेळी उजेडात तळवे बघायची सवय लावून घ्या.

मुलाशी

सुई टोचणार असेल तर ‘काही दुखणार नाही’ म्हणू नका. ‘मुंगी चावल्यासारखं दुखेल, मी पाच मोजेपर्यंत’ असं म्हणा, आणि खरंच पाच मोजा. निवड देता येईल तिथे द्या: गोळी आधी की गुळणी आधी, डावा हात की उजवा. गोळी घ्यायची की नाही हा प्रश्न मात्र विचारायचाच नाही. दिवसाला ठरलेले तास हवेत: अंघोळ, थोडं खोलीतच चालणं, गोष्ट, घरी व्हिडिओ कॉल. खेळणी धुता-पुसता येणारी प्लास्टिकची, पुस्तकं नवी कोरी, मऊ बाहुल्या नकोत. मूल दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलं तर तेही वहीत लिहा.

आत राहणाऱ्यानं रोज पोटभर गरम जेवायचं आणि सलग पाच तास झोपायचं. यासाठी बदली माणसाच्या पाळ्या ठरवा.

डिस्चार्जनंतर

खोली हॉस्पिटलपासून अर्ध्या तासाच्या आत हवी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन गावाहून आलेल्या नातेवाइकांना मोठा आधार आहेत, पण सामायिक जागा ट्रान्सप्लान्ट झालेल्या मुलासाठी नाही. खोली बघताना भिंतीला ओल आहे का, खिडकीत कबुतरं बसतात का, शेजारी बांधकाम चालू आहे का, एवढं नक्की बघा. रंगकाम असेल तर ते आधीच होऊ द्या. लोकल ट्रेन, लग्न, मंडप, मॉल बंद. रात्री ताप आला तर गाडी कोणाची, आणि वॉर्डाचा थेट नंबर कोणता, हे दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा.

लाइन घरी असेल तर तिची क्लॅम्प (नळी बंद ठेवणारा चिमटा) सतत लावलेली, जवळ कात्री नाही. नळी फाटलीच तर फाटलेल्या जागेच्या आणि शरीराच्या मध्ये क्लॅम्प लावून तसंच हॉस्पिटल गाठा.

जुन्या लसींचं संरक्षण जवळपास संपलेलं असतं. साधारण सहा महिने ते वर्षानंतर त्या डॉक्टरांच्या वेळापत्रकानुसार पुन्हा सुरू होतात. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे गोवर आणि कांजिण्या, दोन वर्षांपूर्वी देत नाहीत. पोलिओ रविवारी आशाताई दारात आल्या तर या मुलाला तोंडावाटे थेंब द्यायचे नाहीत, घरातल्या भावंडांनाही नाहीत. त्यांना इंजेक्शनची लस मिळते का ते केंद्राला विचारा. घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची लस घ्यावी. शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्याचं कळलं, तर आपल्या मुलाला फोड येण्याची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा, कारण बचावाचं औषध जितकं लवकर मिळेल तितकं जास्त उपयोगी पडतं. डिस्चार्ज कार्डाच्या दोन प्रती काढा: एक गावच्या डॉक्टरांकडे, एक प्रवासाच्या पिशवीत. प्रत्येक प्रतीवर ठळक अक्षरांत लिहा: बीएमटी झालेलं मूल, रक्त इर्रॅडिएटेडच द्यावं, आधीचा आणि आताचा रक्तगट. भावंडाचा गट वेगळा असेल तर मुलाचा गट बदलत जातो.